ऑक्सिजन सेन्सर बदलण्यापूर्वी

डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो, गॅरेजमधला मुलगा स्कॅनर जोडतो, पडद्यावर ऑक्सिजन सेन्सरचा उल्लेख असलेला कोड उमटतो आणि त्याच क्षणी निदान पूर्ण झाले असे सगळे गृहीत धरतात. त्यानंतरची चर्चा सेन्सर कंपनीचा घ्यायचा की बाजारातला, एवढ्यापुरतीच उरते. या घाईला माझा विरोध आहे. एक्झॉस्टमधून जाणाऱ्या वायूत ऑक्सिजन किती उरला आहे, हे ईसीयूला, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाला, कळवणे एवढेच या सेन्सरचे काम असते. इंजिनात जास्तीची हवा शिरत असेल, इंजेक्टर कमी पेट्रोल सोडत असेल किंवा एक्झॉस्टच्या पाइपला भोक पडले असेल, तरी कोडमध्ये नाव बहुधा त्याचेच येते. साक्ष देणाऱ्यालाच आरोपी ठरवण्याचा हा प्रकार आहे. सेन्सर खरोखर बिघडतो, माझ्या गाडीचा बिघडलाही होता. परंतु तो बिघडला हे ठरवायला कोड पुरेसा नसतो, तपासणी करावी लागते, आणि ती तपासणी घरच्या साधनांनी बऱ्याच अंशी करता येते.

मी व्यवसायाने मेकॅनिक नाही. गोव्यात फोंड्याला राहतो, दहा वर्षांहून जुनी, बीएस-४ या प्रदूषण-नियमांच्या काळातली एक छोटी पेट्रोल गाडी चालवतो आणि तिची बरीचशी देखभाल आमच्या भागातल्या एका अनुभवी मेस्तांच्या, म्हणजे मेकॅनिकच्या, सोबतीने करतो. गाडीने सव्वा लाख किलोमीटर ओलांडले आहेत. चार तारांच्या, म्हणजे आत तापक असलेल्या सेन्सरकडून साधारणपणे एक ते दीड लाख किलोमीटरांची अपेक्षा ठेवतात, तेव्हा वयाचा विचार करता संशय अगदीच अनाठायी नव्हता. तरीही वय हा पुरावा होऊ शकत नाही.

सेन्सर काम कसा करतो हे थोडक्यात समजून घेतले, तर पुढची सारी तपासणी सोपी होते. त्याच्या टोकाशी झिर्कोनियम डायऑक्साइडची, यिट्रियम मिसळलेली सिरॅमिकची टोपी किंवा पट्टी असते आणि तिच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा पातळ थर असतो. एका बाजूला एक्झॉस्टचा वायू, दुसऱ्या बाजूला बाहेरची हवा. हे सिरॅमिक सुमारे ३०० ते ३५० अंश सेल्सिअसच्या वर तापले की त्यातून ऑक्सिजनचे आयन वाहू लागतात आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनच्या प्रमाणातील फरकानुसार व्होल्टेज निर्माण होते. या व्होल्टेजचे गणित ज्या समीकरणाने मांडतात ते जर्मन रसायनशास्त्रज्ञ वाल्थर नेर्न्स्ट यांचे. त्यांना १९२० चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले होते, आणि गंमत म्हणजे तापलेल्या झिर्कोनियातून वीज वाहते हे ओळखून त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याचा दिवाही तयार केला होता. मोटारीत हा सेन्सर आला तो मात्र १९७६ साली, बॉशने बनवलेला, आणि तो पहिल्यांदा बसला व्होल्व्होच्या अमेरिकेत जाणाऱ्या गाड्यांत; कॅलिफोर्नियाचे प्रदूषणाचे कडक नियम हे त्याचे निमित्त.

एक किलो शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. हे प्रमाण नेमके साधले तर त्याला लॅम्डा १ म्हणतात, आणि त्या बिंदूपाशी सेन्सरचे व्होल्टेज ०.४५ च्या आसपास असते. पेट्रोल जास्त झाले, म्हणजे मिश्रण रिच झाले, तर ते ०.८ ते ०.९ पर्यंत चढते. हवा जास्त झाली, म्हणजे मिश्रण लीन झाले, तर ०.१ ते ०.२ पर्यंत उतरते. मधला उतार फार तीव्र असल्यामुळे हा सेन्सर ईसीयूला 'किती' हे सांगत नाही, फक्त 'जास्त' किंवा 'कमी' एवढेच सांगतो. ईसीयू पेट्रोल किंचित वाढवतो, सेन्सर रिच म्हणतो; ईसीयू किंचित घटवतो, सेन्सर लीन म्हणतो; आणि ही ये-जा इंजिन गरम असताना अखंड चालू राहते. एक्झॉस्टच्या पाइपातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला कार्बन मोनॉक्साइड, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनचे ऑक्साइड हे तिन्ही एकाच वेळी निकालात काढायचे असतात, ते या अरुंद पट्ट्यातच जमते. या कन्व्हर्टरच्या पुढे एक आणि मागे एक असे दोन सेन्सर असतात; काही नव्या गाड्यांत पुढच्या जागी वाइडबँड सेन्सर असतो. त्याची भाषा निराळी असते आणि ०.१ ते ०.९ व्होल्टचा हिशोब त्याला लागू पडत नाही, त्यामुळे आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी पाहून घ्यावे.

माझ्या गाडीच्या बाबतीत दिवा लागण्याच्या आधीपासूनच काही खुणा दिसत होत्या. टाकी पूर्ण भरून पुन्हा पूर्ण भरेपर्यंतचा हिशोब मी नेमाने ठेवतो, त्यात मायलेज हळूहळू खाली आले होते. गाडी सिग्नलला उभी असताना इंजिनचे फेरे किंचित वर-खाली होत. बेळगावला जाताना केरीच्या पुढे चोर्ला घाट चढू लागलो, की अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी क्षणभर विचार केल्यासारखी थबके आणि मग ओढ घेई. यांपैकी प्रत्येक लक्षणाला दहा कारणे असू शकतात, हे खरे. परंतु दिवा लागून कोड मिळाल्यावर या खुणा आठवून ठेवल्याचा उपयोग झाला.

कोड वाचण्यासाठी गॅरेजच्या मोठ्या स्कॅनरची आवश्यकता नसते. भारतात २०१३ पासून नव्या गाड्यांना ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःच बिघाड नोंदवण्याची व्यवस्था, आवश्यक झाली, त्यामुळे त्यानंतरच्या पेट्रोल गाड्यांत स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचे सॉकेट असते आणि त्यात ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर लावून मोबाइलवर सर्व काही पाहता येते. कोड पुसण्याची घाई मात्र करू नये. कोड नोंदवला गेला त्या क्षणी इंजिनचे तापमान, फेरे, वेग आणि भार किती होता, याची एक नोंद ईसीयूने जपलेली असते, तिला फ्रीझ फ्रेम म्हणतात. कोड पुसला की तीही जाते. ती आधी कागदावर उतरवून घ्यावी.

कोडांची कुळे वेगवेगळी आहेत आणि गॅरेजमध्ये नेमका हाच भेद पुसला जातो. पी०१३५ हा पुढच्या सेन्सरच्या तापकाच्या सर्किटचा कोड आहे. त्यात मिश्रणाचा काही संबंध नसतो, बिघाड असतो तो विजेचा. पी०१३१ म्हणजे पुढच्या सेन्सरचे व्होल्टेज सतत कमी आहे, याचा अर्थ सेन्सर किंवा त्याची तार बिघडली असेल, किंवा मिश्रण खरोखरच लीन असेल. पी०१७१ तर सरळ मिश्रण लीन असल्याचे सांगतो आणि तिथे सेन्सर बदलणे बहुधा पैसे वाया घालवणे ठरते. पी०१३३ म्हणजे सेन्सर बदलांना संथपणे प्रतिसाद देतो. माझ्या गाडीत हाच होता. पी०१३६ ते पी०१४१ हे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या मागच्या सेन्सरचे कोड आहेत, आणि पी०१४१ वाचून पुढचा सेन्सर बदलल्याचे उदाहरणही मी पाहिले आहे.

सर्वप्रथम पाहावे ते फ्युएल ट्रिम. ईसीयूने मूळ हिशोबापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवले किंवा घटवले आहे, ते या आकड्यांत दिसते. शॉर्ट टर्म म्हणजे त्या घडीचे, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेले. दोन्हींची बेरीज उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांच्या आत असेल, तर साधारणपणे चिंता नसते. अधिक वीस टक्के दिसले आणि फेरे २५०० वर नेल्यावर ते सात-आठवर आले, तर इनटेकच्या बाजूने कुठून तरी हवा आत शिरते आहे, एखादी व्हॅक्यूम नळी फाटली आहे किंवा गॅस्केट गेले आहे. उलट, भार वाढवल्यावर आकडा वाढत गेला तर पेट्रोलचा पुरवठा कमी पडतो आहे: फिल्टर किंवा पंप. यांपैकी काहीही आढळले तर सेन्सर खरे बोलतो आहे, आणि त्याला काढून नवा बसवला तर तोही तेच सांगणार.

यात अलीकडे एक नवी गोष्ट मिसळली आहे. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. एक किलो शुद्ध इथेनॉलला सुमारे ९ किलो. त्यामुळे २० टक्के मिश्रणाचे योग्य प्रमाण १४.७ वरून साधारण १३.५ पर्यंत खाली येते. जुन्या गाडीचा ईसीयू पूर्वीच्या हिशोबाने पेट्रोल सोडतो, सेन्सर लीन म्हणतो आणि ईसीयू ट्रिम वाढवून भरपाई करतो. याचा अर्थ असा, की जी गाडी पूर्वी अधिक दोन टक्के दाखवत असे ती आज अधिक सात-आठ दाखवेल आणि तरीही निर्दोष असेल. याच कारणाने मायलेजमधली थोडी घटही सेन्सरच्या माथी मारता येत नाही. माझ्या गाडीची बेरीज अधिक सहाच्या आसपास होती, त्यामुळे मिश्रणाच्या बाजूने मोठा दोष नाही हे स्पष्ट झाले.

यानंतर एक्झॉस्टची गळती. गोव्यात ही बाब तपासल्याशिवाय पुढे जाऊच नये, असे माझे ठाम मत आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, किनाऱ्याकडची खारी हवा आणि पावसाळ्यात पाइपांना चिकटून राहणारी लाल माती यांमुळे सायलेन्सर, फ्लँज आणि त्यांचे बोल्ट इथे लवकर गंजतात; वास्को-बोगमाळो भागातल्या गाड्यांचा खालचा भाग पाहिला की फोंडा-डिचोलीकडच्या गाड्या नव्या वाटू लागतात. आत दाब असताना वायू बाहेर जाईल, बाहेरची हवा आत कशी येईल, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. एक्झॉस्टचा प्रवाह ठोक्याठोक्याने जातो आणि दोन ठोक्यांच्या मध्ये दाब हवेच्या दाबापेक्षा खाली उतरतो, त्या क्षणी भोकातून हवा ओढली जाते. ते भोक सेन्सरच्या आधी किंवा अगदी जवळ असेल, तर त्या हवेतला ऑक्सिजन सेन्सरला दिसतो, तो लीन म्हणतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो आणि प्रत्यक्षात इंजिन रिच चालू लागते. ट्रिम अधिकात असूनही स्पार्क प्लगवर काजळी आणि सायलेन्सरला पेट्रोलचा वास, ही विसंगती दिसली की गळतीच शोधावी.

मी नवा सेन्सर मागवण्याविषयी विचारले, तेव्हा मेस्त म्हणाले, "बाब, आधी पाइप बघू. हवा कुठून शिरते ते कळल्याशिवाय सेन्सरला पाना लावायचा नाही." त्यांची रीत साधी आहे. सकाळी इंजिन थंड असताना गाडी सुरू करून मॅनिफोल्डपाशी, म्हणजे इंजिनाला लागून असलेल्या एक्झॉस्टच्या पहिल्या भागापाशी, टकटक असा आवाज येतो का ते ऐकायचे, कारण धातू तापून फुगला की लहान फट मिटते आणि आवाज बंद होतो. मग इंजिन बंद करून, व्हॅक्यूम क्लीनरची हवा बाहेर फेकणारी नळी फडक्याने गुंडाळून सायलेन्सरच्या तोंडाला लावायची आणि सगळ्या जोडांवर साबणाचे पाणी फवारायचे. बुडबुडे आले की गळती सापडली. आमच्या तपासणीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या बऱ्याच मागे, सायलेन्सरकडच्या एका फ्लँजला बुडबुडे आले आणि तिथे काळी काजळीही होती. पुढच्या सेन्सरच्या वाचनाशी त्याचा संबंध नव्हता. तरी तेवढे गॅस्केट बदलून टाकले.

तापकाची तपासणी मल्टिमीटरने काही मिनिटांत होते. कनेक्टर सोडवून सेन्सरच्या बाजूच्या चार तारांपैकी एकाच रंगाच्या दोन तारा शोधायच्या, त्या तापकाच्या असतात. बॉशच्या सेन्सरमध्ये त्या पांढऱ्या असतात, काळी तार सिग्नलची आणि करडी अर्थिंगची. डेन्सोमध्ये तापकाच्या दोन काळ्या, सिग्नलची निळी आणि अर्थिंगची पांढरी. म्हणजे काळ्या तारेचा अर्थ कंपनीनुसार बदलतो, आणि रंग पाहून नेटवरच्या एखाद्या चित्राप्रमाणे तार जोडणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. तापकाचा रोध थंड असताना काही ओहम ते वीस ओहमच्या आत असतो. मीटरने अनंत दाखवले तर आतली तार तुटली. माझ्या सेन्सरने आठच्या आसपास दाखवले, म्हणजे तापक ठीक. गाडीच्या बाजूच्या कनेक्टरमध्ये चावी चालू केल्यावर तापकाच्या एका पिनवर बॅटरीचे व्होल्टेज यायला हवे. काही गाड्यांत ते इंजिन सुरू असतानाच येते. ते येत नसेल तर आधी फ्यूज पाहावा.

हे फ्यूजचे सांगतो आहे त्याला कारण आहे. म्हापशाला राहणाऱ्या माझ्या मेव्हण्याच्या गाडीत पी०१३५ आला होता आणि एका गॅरेजने सरळ नवा सेन्सर बसवून दिला. दिवा दोन दिवसांत परतला. "भावोजी, एवढे पैसे घालून दिवा तो तसाच," असे म्हणत तो गाडी घेऊन आला तेव्हा आम्ही प्रथम फ्यूजबॉक्स उघडला. तापकाचा फ्यूज उडालेला होता. नवा घातला, तोही उडाला. तेव्हा तारेचा माग काढत गेलो, तर इंजिनाच्या मागच्या बाजूला उंदरांनी तिचे आवरण कुरतडून तांबे उघडे केले होते आणि ते बॉडीला टेकत होते. पावसाळ्यात उबेसाठी उंदीर बॉनेटखाली शिरतात, हे इथल्या प्रत्येक गाडीवाल्याला ठाऊक आहे. मेस्तांनी तेवढा तारेचा तुकडा बदलून वर जाळीचे आवरण घातले. काढून टाकलेला जुना सेन्सर आम्ही मीटरवर तपासला. त्याचा तापक अखंड होता.

पावसाळ्यातले दुसरे दुखणे म्हणजे कनेक्टरमध्ये शिरलेले पाणी. पिनांवर हिरवट थर चढतो आणि मिलिव्होल्टमध्ये बोलणाऱ्या सिग्नलला तेवढा रोधही भारी पडतो. इथे एक खबरदारी फार कमी जणांना माहीत असते. पुष्कळशा सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा त्यांच्या तारांच्या आतून, धाग्यांच्या मधल्या फटींतून पोचते. त्यामुळे कनेक्टरमध्ये ग्रीस भरणे, तेलकट स्प्रे मारणे किंवा तार तोडून डाग देऊन जोडणे यांनी तो मार्ग बंद होऊ शकतो अथवा त्या हवेत तेलाची वाफ मिसळते, आणि चांगला सेन्सर खोटे वाचू लागतो. पिना कोरड्या फडक्याने व बारीक ब्रशने पुसाव्यात, आणि तार जोडायचीच झाली तर क्रिंप करून जोडावी.

आता प्रत्यक्ष सेन्सरची परीक्षा. इंजिन पूर्ण तापवून, २५०० फेऱ्यांवर स्थिर ठेवून, मोबाइलवर पुढच्या सेन्सरच्या व्होल्टेजचा आलेख पाहायचा. निरोगी सेन्सर दहा सेकंदांत आठ-दहा वेळा तरी ०.४५ ची रेषा ओलांडतो आणि ०.२ च्या खाली व ०.८ च्या वर सहज जातो. स्वस्त ब्लूटूथ अ‍ॅडॅप्टर मात्र या परीक्षेत दगा देतो: एकाच वेळी दहा-बारा आकडे मागितले तर प्रत्येक आकडा सेकंदाला एखाद्या वेळीच ताजा होतो आणि चपळ सेन्सरही आळशी भासतो. बाकी सारे बंद करून तेवढी एकच वाहिनी उघडी ठेवावी. शंका राहिली तर ऑसिलोस्कोप असलेल्या गॅरेजमध्ये जावे. असे केल्यावरही माझ्या आलेखावर रेषा दहा सेकंदांत जेमतेम दोन-तीन वेळाच ओलांडली जात होती आणि लाट ०.२५ ते ०.६५ यांच्यामध्येच डोलत होती.

तेवढ्यावर न थांबता अ‍ॅक्सिलरेटर झटक्याने दाबून सोडला. झटक्यात पेट्रोल वाढते, म्हणून व्होल्टेज तत्काळ ०.८ च्या पुढे जायला हवे. सोडल्यावर इंजेक्टर काही क्षण बंद होतात, म्हणून ते जवळजवळ शून्याकडे यायला हवे. माझा सेन्सर सेकंदभर रेंगाळत वर चढला आणि ०.७ पर्यंतसुद्धा पोचला नाही. निर्णय पक्का झाला तो मागच्या सेन्सरमुळे. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवत असल्याने मागच्या सेन्सरला बदल नेहमी उशिरा कळतो. इथे फेरे थोडा वेळ वाढते ठेवल्यावर मागचा ०.८ च्या जवळ गेला तरी पुढचा ०.६ पाशीच घुटमळत होता. दोघांसमोरून गेलेला वायू एकच होता, तेव्हा दोष मिश्रणाचा नव्हता. उलट बाजूची खात्री म्हणून मेस्तांनी एक व्हॅक्यूम नळी क्षणभर सुटी केली; लीनकडे उतरतानाही तोच संथपणा दिसला. सेन्सर बदलायचा, असे तेव्हा ठरले.

सेन्सर घेताना मी गाडीच्या पार्ट नंबरावरून, मूळ कनेक्टरासह येणारा घेतला. कनेक्टर नसलेले, कोणत्याही गाडीला चालतात असे सांगून विकले जाणारे सेन्सर स्वस्त पडतात, पण त्यांत तारा तोडून जोडाव्या लागतात आणि तापकाची क्षमता जुळेलच असे नाही. नामांकित कंपन्यांच्या खोक्यात येणारी नक्कलही बाजारात असते. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊन घेणे हाच त्यावर उपाय.

जुना सेन्सर काढणे हा या कामातला खरा घाम काढणारा भाग आहे. तो मॅनिफोल्डमध्ये आट्यांनी बसवलेला असतो, बहुतेक ठिकाणी १८ मिलिमीटर व्यासाचे आणि दीड मिलिमीटर पिचचे आटे, आणि वर्षानुवर्षांच्या उष्णतेने व गंजाने ते एकजीव झालेले असतात. इंजिन रखरखीत गरम असताना हात घालू नये आणि पूर्ण थंड असतानाही जोर लावू नये. थोडे चालवून, हात पोळणार नाही इतपत कोमट असताना धातू सैल सोडतो. आदल्या संध्याकाळी आट्यांवर पेनिट्रेटिंग तेल टाकून ठेवले होते. बॅटरीचा निगेटिव्ह काढला, कनेक्टर आधीच सोडवला, कारण तो अडकलेला असताना सेन्सर फिरवला तर तारा पिळवटतात. तार बाजूच्या खाचेतून बाहेर येईल अशी २२ मिलिमीटरची गोटी (सॉकेट) मिळते, तीच वापरावी. साध्या फिक्स पान्याने कोपरे गोल होतात आणि मग छिन्नी-हातोड्यावर पाळी येते. पाव फेरा सैल, पुन्हा थोडा घट्ट, पुन्हा सैल, असे करत मेस्तांनी तो बाहेर काढला. आट्यांत खरखर जाणवली म्हणून त्याच मापाचा टॅप हाताने हलकेच फिरवून ते साफ केले.

निघालेल्या सेन्सरचे टोक पाहणे चुकवू नये. कोरडी काळी काजळी असेल तर इंजिन रिच चालत होते आणि ते कारण शोधले नाही तर नवा सेन्सरही काळवंडेल. तपकिरी चकचकीत थर म्हणजे इंजिन ऑइल जळते आहे. पांढुरका, खडूसारखा थर म्हणजे बहुतेक वेळा सिलिकॉन. आमच्या सेन्सरवर असाच फिकट पांढरा थर होता. काही काळापूर्वी दुसऱ्या एका ठिकाणी व्हॉल्व्ह कव्हरची गळती थांबवताना व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे साधे सिलिकॉन सीलंट वापरले गेले होते. त्याची वाफ क्रँककेसमधून इनटेकमध्ये जाते, सिलिंडरमध्ये जळून तिची सिलिका होते आणि ती सेन्सरच्या टोकावर बसून त्याचे श्वसन बुजवते. संथपणाचे कारण तेच असावे, असे मेस्तांचे आणि माझेही मत पडले. इंजिनावर सीलंट लागलेच तर डब्यावर 'सेन्सर सेफ' लिहिलेले मागावे. ते कव्हर आम्ही पुन्हा उघडून रबरी गॅस्केटवर बसवले. आपल्याकडे १ फेब्रुवारी २००० पासून पेट्रोलमधले शिसे गेले, त्यामुळे सेन्सरचा तो जुना शत्रू उरला नाही.

नवा बसवताना त्याच्या टोकाला बोट लावायचे नाही आणि तो हातातून पडू द्यायचा नाही, आत सिरॅमिक आहे. आट्यांवर अँटी-सीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारा, लेप बहुधा कारखान्यातूनच लावलेला असतो. नसल्यास अगदी थोडा, फक्त आट्यांवर. आधी हाताने पूर्ण फिरवून मग टॉर्क पान्याने सुमारे ४० न्यूटन-मीटर घट्ट केला. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेतून घ्यावा. तार मूळ मार्गानेच न्यावी, क्लिपांत अडकवावी, मॅनिफोल्डपासून दूर ठेवावी. आणखी एक सूचना खास इथल्या पावसासाठी आहे. तापलेल्या सेन्सरवर गार पाण्याचा लोट आला तर सिरॅमिक तडकू शकते, म्हणून गुडघाभर पाणी साचलेल्या रस्त्यातून, विशेषतः लांबचा प्रवास करून आल्यावर, गाडी वेगाने घालू नये.

यानंतर कोड पुसला. कोड पुसल्यावर ईसीयूने शिकलेले ट्रिम आणि स्वतःच्या चाचण्यांच्या नोंदी कोऱ्या होतात, त्यामुळे दिवा विझला म्हणजे काम झाले असे समजू नये. पी०१३३ सारखा कोड सहसा सलग दोन प्रवासांत दोष आढळल्यावरच दिवा लावतो. थंड इंजिनापासून सुरुवात, थोडा वेळ शहरातले थांबत-थांबत चालवणे आणि मग महामार्गावर स्थिर वेगाने काही किलोमीटर, असा मिश्र प्रवास केल्यावर ईसीयू आपल्या चाचण्या पूर्ण करतो. फोंडा ते मडगाव बोरीमार्गे आणि परत, यात हे सारे आपोआप घडते. त्यानंतर अ‍ॅपमध्ये ऑक्सिजन सेन्सरची चाचणी पूर्ण झाल्याचे दिसले आणि प्रलंबित कोड नव्हता. आलेख आता ०.१ ते ०.८५ यांच्यामध्ये झपाट्याने हलत होता, सिग्नलला फेरे स्थिर राहू लागले आणि चोर्ला घाटातली ती थबक गेली. ट्रिमची बेरीज अधिक पाचवर आहे. ती इथेनॉलची समजायला हरकत नाही. मायलेज सुधारले, पण पूर्वीच्या आकड्याला पोचले नाही, आणि पोचेल अशी अपेक्षाही नव्हती.

पीयूसी त्याच महिन्यात संपत होती. बीएस-४ पेट्रोल गाडीसाठी इंजिन मंद चालत असताना कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएम ही मर्यादा आहे, आणि २५०० च्या आसपास फेऱ्यांवर लॅम्डा १ च्या तीन शतांश मागे-पुढे असावा असाही नियम आहे. हा दुसरा आकडा म्हणजे गाडीच्या सेन्सरच्या कामाची बाहेरच्या यंत्राने केलेली पडताळणीच असते, म्हणून पावतीवर छापलेला असेल तर तो वाचावा. कनेक्टर आणि गळती निर्दोष असूनही तो बराच ढळलेला असेल, तर पुन्हा ट्रिमपासून सुरुवात करावी.

राहिला मागचा सेन्सर. जोडीने दोन्ही बदला, असा सल्ला आम्हाला मिळाला होता. मागच्या सेन्सरचे मुख्य काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर लक्ष ठेवण्याचे आहे, मिश्रणाच्या रोजच्या हिशोबात त्याचा वाटा फार थोडा असतो, आणि निरोगी कन्व्हर्टरमागे तो ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास जवळजवळ स्थिर असायला हवा. आमचा तसा आहे आणि झटक्याच्या परीक्षेतही तो उतरला होता, त्यामुळे त्याला हात लावलेला नाही. त्याच्या तारेची क्लिप तेवढी गंजून तुटली आहे आणि तार पाइपला टेकण्याच्या बेतात आहे; पुढच्या सर्व्हिसिंगला ती क्लिप बदलायची, असे मेस्तांशी ठरले आहे.